न गाळलेलं रक्त

डूख धरायला साप असावं लागत नाही. मी दोन वर्षं धरला, आणि तोही रोज साडेनऊला हजेरी लावून, पांढरा कोट चढवून, ज्याच्यावर धरला त्यालाच "गुड मॉर्निंग, सर" म्हणून.

मी प्रयोगशाळेत तंत्रज्ञ होते. तिसरा मजला, खिडक्या कायम बंद, एसीचं पाणी बादलीत टपकायचं आणि ती बादली रिकामी करायची पाळी नेहमी माझीच. तिथे आम्ही एक यंत्र बनवत होतो. माणसाच्या अंगातल्या सगळ्यात बारीक रक्तवाहिन्या इतक्या अरुंद असतात, की तांबड्या पेशींना त्यांतून एकामागून एक, अंग चोरून जावं लागतं. तेवढ्याच अरुंद वाटा आम्ही नखाएवढ्या पारदर्शक चकतीत कोरल्या होत्या. पेशंटचं रक्त त्यांतून सोडायचं, वर कॅमेरा, आणि रक्त किती सहज वाहतं त्याचा आकडा यंत्र देणार.

यंत्र सिकल सेलच्या पेशंटसाठी होतं. या आजारात सगळंच रक्त बिघडलेलं असतं असं लोकांना वाटतं. तसं नसतं. एकाच थेंबात नाना तऱ्हेच्या पेशी असतात. काही मऊ, हव्या तशा दुमडणाऱ्या. काही अधल्यामधल्या. आणि थोड्या अशा, की प्राणवायू देऊन झाला की आतून ताठ होतात, विळ्यासारख्या वाकतात आणि मग कुणाचं ऐकत नाहीत. मऊ पेशी नळीच्या मधून धावतात, ताठ पेशी कडेला ढकलल्या जातात आणि भिंतीला घासत राहतात. अरुंद तोंडाशी अशी एक अडली, की मागच्या सगळ्या मऊ पेशींची वाट बंद. घात करायला थोड्याच पुरतात. हे मला आज पाठ आहे. तेव्हा फक्त नियम पाठ होते.

नियम चौथा: चकतीत सोडण्यापूर्वी रक्त गाळून घ्यावं. कारण न गाळता सोडलं तर चकती तुंबायची, आणि नवी बनवायला आठवडा जायचा. म्हणून नमुना आला की बारीक गाळणीतून काढायचा, खालचं रक्त यंत्रात, गाळणी कचऱ्यात. मी असे शेकडो नमुने गाळले. गाळणीत अडकतं ते नेमकं काय, हा प्रश्न एवढ्या शिकलेल्या माणसांपैकी एकाच्याही डोक्यात आला नाही. चकती वाचवायच्या नादात आम्ही ताठ पेशी फेकून देत होतो आणि उरलेल्या मऊ पेशींना विचारत होतो, काय, बरं चाललंय ना?

यंत्र आमच्या प्रमुखांच्या डोक्यातून निघालेलं. मी मनात त्यांना 'सरासरी' म्हणायचे, कारण त्यांना कुठल्याही गोष्टीची सरासरी काढल्याशिवाय चैन पडायचं नाही. चांगले कपडे, हळू आवाज, समोरच्याचं बोलणं संपायच्या आत मान डोलवायची सवय. घरात चार माणसं, तिघं पोटभर जेवली आणि एक उपाशी राहिलं, तर या माणसाच्या हिशेबानं घर जेवलेलंच.

ती चौथी उपाशी माझी धाकटी बहीण होती.

तिला आम्ही ठिणगी म्हणतो. आई-वडील गेल्यापासून आम्ही दोघीच. आई-वडील दोघांकडेही या आजाराचा अर्धा दोष होता. माझ्या वाट्याला अर्धाच आला म्हणून मी धडधाकट, तिच्या वाट्याला दोन्हीकडचा आला. अंगानं काडी, पण जीभ कात्रीसारखी. ती चष्म्याच्या दुकानात काचा घासून फ्रेममध्ये बसवायची. तिळाएवढे स्क्रू, केसाएवढी फट, आणि तिचा हात कधी हलायचा नाही. दर अठ्ठावीस दिवसांनी तिला दुसऱ्याचं रक्त चढवायचे, म्हणजे तिच्या ताठ पेशींच्या गर्दीत परक्या मऊ पेशी वाढायच्या आणि गाडं चालायचं. पण सारखं रक्त चढवलं की अंगात लोह साठतं. म्हणून हॉस्पिटलवाल्यांना मधलं अंतर वाढवता आलं तर हवंच होतं. त्यांनी आमच्या यंत्राकडे तिचा नमुना पाठवला.

मीच तो गाळला. मीच गाळणी टाकली. यंत्रानं सांगितलं, प्रवाह समाधानकारक. प्रमुखांनी सही केली. अठ्ठावीस दिवसांचे सत्तर झाले.

त्रेसष्टाव्या दिवशी दुकानात, गिऱ्हाइकाच्या चष्म्याची दांडी बसवताना, ठिणगीच्या हातातून स्क्रू पडला. तो उचलायला ती वाकली आणि उठलीच नाही. मेंदूतली एक वाट बंद झाली होती. उजवा हात गेला, अर्धं तोंड गेलं, आणि कात्रीसारखी जीभ एकेक शब्द चाचपडत शोधायला लागली.

पुढच्याच आठवड्यात मी एक वापरलेली गाळणी कचऱ्यातून काढली, उलटी धुतली आणि ते पाणी सूक्ष्मदर्शकाखाली धरलं. विळेच विळे. मी तशीच प्रमुखांच्या खोलीत गेले.

"एका पेशंटवरून निष्कर्ष काढायचे नसतात," ते म्हणाले.

"सर, चकती तुंबते म्हणून आपण गाळतो. पण ती तुंबते हेच तर बघायचंय ना?"

"तुंबणारं यंत्र घेणार कोण?" मान डोलली. "तुझ्या बहिणीचं वाईट वाटतं. फार दुर्दैवी. पण आकडा बरोबर होता."

आकडा बरोबर होता. हे चार घोट चहा पिता पिता म्हणाले. त्या दिवसापासून मला काचसामान धुवायला बसवलं. मी सगळं लिहून हॉस्पिटलांच्या समितीला पाठवलं, तर ते पत्र 'अभिप्रायासाठी' प्रमुखांकडेच परत आलं. त्यांनी ते मला दाखवलं, हसले आणि खणात ठेवलं. चोराच्या हाती जामदारखान्याच्या किल्ल्या म्हणतात ते हेच.

मग मी ठरवलं, की या माणसाला चार लोकांत उघडं पाडायचं. त्याच्याच यंत्रावर, त्याच्याच तोंडासमोर. दुसरं काही नको होतं मला. सकाळी बाटल्या धुताना मी तेच घोटायचे, दुपारी डबा खाताना तेच.

संधी त्यांनीच आणून दिली. समिती यंत्र बघायला येणार होती. पसंत पडलं तर वीसेक हॉस्पिटलांत लागणार. म्हणजे आणखी वीस ठिकाणी कुणीतरी गाळणी कचऱ्यात टाकणार. आणि दाखवायला नमुना कुणाचा? प्रमुखांना कल्पना सुचली, की माझ्या बहिणीचाच दाखवावा.

"तिच्यावरून यंत्राची बदनामी झाली," ते मला म्हणाले, "तर तिच्यावरच दाखवू. आता तिला नियमित रक्त चढतंय, आकडा उत्तम येईल. तूच चालव. लोकांनाही बरं वाटेल."

माणसाची निर्लज्ज व्हायची हद्द कुठे असते ते मला तेव्हा कळलं. मी म्हटलं, "हो सर, चालेल."

आता अडचण ऐका. रक्त चढवल्यावर दहा दिवसांनी तिचा नमुना घ्यायचा होता. तेव्हा त्यात परक्या मऊ पेशींची चांगली भरती झालेली असणार. गाळणी काढली तरी चकती कदाचित तुंबली नसती, आणि सरासरी पुन्हा जिंकला असता. मला वाईट रक्त हवं होतं. ठिणगीचं अस्सल, न चढवलेलं रक्त.

हॉस्पिटलचे फोन माझ्याकडेच यायचे, कारण फोनवर तिला शब्द लवकर सापडत नसत. मी तिकडे सांगितलं, तिला सर्दी-ताप आहे, दहा दिवसांनी आणते. आणि घरी सांगितलं, तुझ्याशी जुळणारी पिशवी नाहीये, दहा दिवस थांबायला सांगितलंय. दोन फोन, दोन वाक्यं. इतकं सोपं असेल असं मलाही वाटलं नव्हतं.

"चालेल... ना?" ठिणगीनं विचारलं.

"चालेल. दहा दिवसांनी काय होतंय?"

मग समितीचे अध्यक्ष परगावी गेले आणि कार्यक्रम आठ दिवस पुढे गेला. तेव्हा मी थांबायला हवं होतं. मी पुन्हा दोन्हीकडे फोन केला. त्या आठ दिवसांत ठिणगीचे डोळे पिवळे झाले. मांडीत ठणका लागायला लागला. एका सकाळी ती पलंगावर बसून डोकं डाव्या हातात धरून म्हणाली, "ताई, डोकं... फार. आत ठोकतंय कुणी. खरंच चालेल?"

मी तिला तांब्याभर पाणी दिलं. "पाणी पी जास्त. गुरुवारपर्यंत कळ काढ."

गुरुवारी कार्यक्रम होता. मी बहिणीच्या डोळ्यांकडे बघून, या रक्तानं चकती नक्की तुंबेल असा अंदाज बांधत होते. हे लिहिताना लाज वाटते. तेव्हा वाटली नाही.

गुरुवारी सकाळी घरीच तिच्या डाव्या हातातून रक्त काढलं आणि नळी घेऊन गेले. खोलीत सातजण होते. भिंतीवर मोठा पडदा. प्रमुखांनी नवा कोट घातला होता. समितीत रक्तविकारांच्या एक डॉक्टरीण बाई होत्या, पिकल्या केसांच्या, चष्मा कपाळावर सरकवून बसलेल्या. त्या काहीच बोलत नव्हत्या.

"ही तीच पेशंट, जिच्याबद्दल आपण काहीबाही ऐकलं असेल," प्रमुख म्हणाले. "अठरा दिवसांपूर्वी तिला रक्त चढवलंय. कार्यक्रम पुढे गेल्यामुळे थोडे दिवस जास्त झाले, तरी बघा."

मी गाळणी लावली नाही. खिशात ठेवली. रक्त चकतीत सोडलं, प्राणवायू कमी करणारा कॉक फिरवला आणि हात मागे बांधून उभी राहिले.

आधी सगळं छान दिसलं. तांबड्या पेशी अरुंद वाटेशी आल्या, दुमडल्या, पलीकडे जाऊन पुन्हा फुलल्या. प्रमुखांनी मान डोलवली. मग कडेनं एक आली, वाकडी, ताठ. भिंतीला घासत तोंडाशी पोचली आणि आडवी झाली. मागून दुसरी तिच्यावर. तिसरी. त्यांच्या मागे मऊ पेशी येऊन दाटल्या, रेटल्या, थांबल्या. एक वाट बंद, शेजारची बंद, तिच्या शेजारची. पडदा गच्च लाल झाला आणि यंत्र दाबाचा इशारा देत कोकलायला लागलं. मी घड्याळ बघत होते. अकरा सेकंद.

"बुडबुडा," प्रमुख म्हणाले. "हवेचा बुडबुडा असणार."

"बुडबुडा नाही सर." दोन वर्षं हे वाक्य तोंडात घोळवलं होतं. मी खिशातून गाळणी काढून सगळ्यांना दिसेल अशी धरली. "ही लावली नाही. ही लावली की ताठ पेशी इथे अडकतात आणि आम्ही त्या कचऱ्यात टाकतो. आत जातात त्या मऊ. म्हणून आकडा नेहमी चांगला येतो. दोन वर्षांपूर्वी याच पेशंटचा असाच चांगला आला होता. सरांनी सही केली होती. नियम चौथा, वहीत आहे. मी सरांना सांगितलं होतं, आणि तुम्हालाही लिहिलं होतं. ते पत्र सरांच्या खणात आहे."

काय सांगू तो चेहरा! आधी हसू तसंच राहिलं, मालक निघून गेल्यावर दिवा जळत राहावा तसं. मग कानांपासून रंग उतरत गेला. ते अध्यक्षांकडे बघायला लागले, अध्यक्ष वहीकडे बघायला लागले. आयुष्यात पहिल्यांदा त्यांना मान डोलवता येईना. माझ्या छातीत जे काही दोन वर्षं गोठून बसलं होतं, ते सुटलं. गोड वाटलं. खोटं कशाला बोलू, फार गोड वाटलं.

डॉक्टरीण बाई मात्र त्यांच्याकडे बघतच नव्हत्या. चष्मा डोळ्यांवर ओढून त्या पडद्याला नाक लागेल इतक्या जवळ गेल्या होत्या.

"हे रक्त अठरा दिवसांपूर्वी चढवलेल्या पेशंटचं नाही," त्या म्हणाल्या. "शक्यच नाही. ही पेशंट आत्ता कुठे आहे?"

प्रमुखांनी माझ्याकडे बघितलं.

"अहो, मी काय विचारतेय? हिच्या डोक्यात आत्ता हेच चाललेलं असेल. कुठे आहे ही?"

मी पडद्याकडे बघितलं. तोवर तो माझ्यासाठी पुरावा होता. गच्च, लाल, थांबलेला. आता मला त्यात पलंगावर डोकं धरून बसलेली ठिणगी दिसली.

गप्प राहिले असते तर प्रमुख पुरते बुडाले असते. अठरा दिवसांचा आकडा त्यांच्या तोंडून गेलेला, तोही खोटा ठरला असता. बोलले तर त्यांच्या हातात कोलीत देणं होतं. एवढा वेळ मी विचार केला, हेच मी स्वतःला माफ करत नाही. अकरा सेकंदांपेक्षा जास्तच असेल.

"सेहेचाळीस दिवस झालेत," मी म्हटलं. "ती घरी आहे. माझी बहीण आहे. मी थांबवलं."

"ऐका! ऐका!" प्रमुखांच्या गालांवर रंग परत आला. "मुद्दाम! मुद्दाम रक्त बिघडवलं हिनं! हा घातपात आहे, यंत्राचा काही—"

"तुम्ही गप्प बसा," डॉक्टरीण बाई म्हणाल्या. "बाई, फोन लावा घरी. आत्ता."

सहा वेळा वाजल्यावर ठिणगीनं उचलला. तिला "ताई" म्हणायचं होतं, पण तोंडून दुसराच काहीतरी शब्द आला, मग तिसरा, मग नुसता श्वास. बाईंनी माझ्या हातातून फोन ओढून घेतला आणि गाडी पाठवायला सांगितलं.

ती वाचली. त्या दिवशीच तिचं बरंचसं रक्त काढून नवं भरलं. आणखी अर्धा दिवस गेला असता तर सांगता आलं नसतं, असं बाई मला म्हणाल्या, आणि माझ्याकडे न बघता म्हणाल्या. यंत्र समितीनं नाकारलं. रक्त कुणी कसंही बिघडवलं असो, ते ज्या यंत्राला दिसत नाही ते यंत्र काय कामाचं, असं त्यांनी लेखी दिलं. प्रमुखांना जावं लागलं. मलाही.

चौथ्या दिवशी मला वॉर्डात सोडलं. ठिणगी उशीला टेकून बसली होती. डोळ्यांतला पिवळेपणा गेला होता. बोलणं पुन्हा होतं तितपत आलं होतं. शेजारच्या खाटेवरची बाई पाय चेपून घेत होती. मी माफी मागायला तोंड उघडलं, तोच तिनं डावा हात वर केला.

"आधी सांग. किती वेळात... तुंबलं?"

"अकरा सेकंदांत."

"आणि तो?"

मी सगळं सांगितलं. नवा कोट, डोलणारी मान, बुडबुडा, गाळणी, उतरत गेलेला रंग. ती डोळे मोठे करून ऐकत होती.

"बुडबुडा म्हणाला?"

"बुडबुडा म्हणाला."

"परत सांग. चेहऱ्याचं... परत."

मी परत सांगितलं, या वेळी त्यांच्या आवाजाची नक्कल करून. ठिणगी अर्ध्या तोंडानं हसली, हसता हसता खोकली, डोळ्यांतून पाणी आलं. मीही हसले. शेजारची बाई आमच्याकडे बघायला लागली. दोन वर्षांत आम्ही दोघी अशा हसलो नव्हतो, आणि मला वाटलं, सुटले.

तिनं डाव्या हातानं डोळे पुसले.

"छान झालं," ती म्हणाली. "त्याचं झालं. आता तुझं."

"ठिणगे, ऐक ना—"

"मी विचारलं होतं तुला. दोनदा. चालेल ना, म्हणून." एकेक शब्द ती शोधून, नीट बघून ठेवत होती. "तू म्हणालीस, पाणी पी."

मी खाटेची कड धरली.

"त्याला मी... माहीत नव्हते. तुला होते." तिनं श्वास घेतला. "मला सांगितलं असतंस तर मी थांबले असते, ताई. स्वतः. सेहेचाळीस काय, साठ दिवस. हात माझा गेलाय. सूड माझा होता. तोही तूच घेतलास."

"चुकलं माझं."

"हो." तिनं चादर छातीपर्यंत ओढली. "आता ऊठ. मी बोलवीन तेव्हा यायचं. नाही बोलावलं तर नाही."

मी उठले. दारापर्यंत गेले, मागे वळून बघितलं. ती खिडकीकडे तोंड करून पडली होती.

त्याला चौदा महिने झाले. ती तब्येतीनं बरी आहे, अठ्ठावीस दिवस चुकवत नाही, डाव्या हातानं काचा बसवायला शिकते आहे, असं चष्म्याच्या दुकानाच्या मालकांकडून कळतं. मी दुसरीकडे राहते, पण रोज संध्याकाळी तिच्या गल्लीच्या तोंडाशी थोडा वेळ थांबते आणि परत येते. तिनं अजून बोलावलेलं नाही.